शिक्क्यावरची वस्ती

नव्या शहरात राहायला वस्ती कशी निवडावी, या विषयावर माझ्याकडे तेरा पानं लिहून तयार होती. हसू नका. वय तेवीस, दोन वर्षांत पहिल्यांदा सलग दहा दिवसांची रजा आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीचा प्रवास. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर काचा घासणाऱ्या मुलीने आणखी कसली स्वप्नं बघायची? दोन महिने जेवणाच्या सुट्टीत मी एका हाताने डबा खात होते आणि दुसऱ्या हाताने फोनवरचा नकाशा सरकवत होते. पहिल्या नंबरवर होती नदीकाठची वस्ती: रंगवलेली घरं, गच्चीवर मांडलेल्या खुर्च्या, माझ्याच वयाच्या पोरापोरींनी भरलेली वसतिगृहं, जिकडे जायचं तिकडे पायी. दुसऱ्या नंबरवर जुना बाजार, तिसऱ्यावर विद्यापीठामागचा चढ. प्रत्येकीपुढे गुण दिले होते. झोपेसाठी वेगळे, पुस्तकांच्या दुकानांसाठी वेगळे.

आणि मी उतरले कुठे, तर पाण्याच्या टाकीमागे.

पाण्याच्या टाकीमागची वस्ती माझ्या तेरा पानांत नव्हती. कुणाच्याच पानांत ती नसणार. तिथे शाळेची एक न संपणारी भिंत आहे, चार टायरवाले आहेत, एक दवाखाना आहे, एक पोस्ट आहे, आणि संध्याकाळी सात वाजले की सगळे शटर ओढून मोकळे होतात. नदी तिथून दोन बस बदलून पाऊण तासावर. ही वस्ती माझ्यासाठी बाबांनी निवडली होती.

बाबा पोस्टमन. चौतीस वर्षं टपाल वाटून मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या गावातलं प्रत्येक दार त्यांना ठाऊक, कुठल्या दाराची कडी वाजवायची आणि कुठल्या दाराखालून पत्र सरकवायचं तेसुद्धा. पण गावाबाहेर ते मोजून तीन वेळा गेलेत, तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला, आणि तिन्ही वेळा जेवून लगेच परत. अशा माणसाने मला मुक्कामाची वस्ती सुचवावी! माझ्या सहलीला आधी त्यांचा साफ विरोध होता. एकटी मुलगी, अनोळखी शहर, जमाना काय आहे, हे सगळं यथासांग बोलून झालं. मग एका रविवारी मी शहराचं नाव सांगितलं, आणि बाबांचा विरोध तिथेच थांबला. उठले, कपाटातून पाच कार्डं काढली, आमच्याच दुकानातून मी आणून दिलेलं भिंग घेतलं आणि खिडकीत जाऊन बसले.

ती कार्डं दादाची. माझा भाऊ सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. बाबांनी साहेबांच्या मागे लागून लागून त्याला पोस्टात चिकटवला होता. त्याने तीन आठवडे पत्रं निवडली आणि एका दुपारी घरी येऊन सांगितलं, की मी लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकायला चाललो. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा उंबरठा ओलांडलास तर परत तोंड दाखवू नकोस," म्हणाले. दादाने ओलांडला. तेव्हापासून वर्षातून एक कार्ड येतं, आईच्या वाढदिवसाच्या सुमाराला, बाबांच्या नावावर. मी बरा आहे, आईने गुडघे शेकत जावेत, ठमीने अभ्यास करावा. ठमी म्हणजे मी. माझा अभ्यास संपून दोन वर्षं झाली तरी त्याचं आपलं तेच. कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता कधीच नाही. "पत्तासुद्धा कळवत नाही, एवढा माज," हे बाबांचं दरवर्षीचं वाक्य.  आई कार्ड दोनदा वाचायची आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायची.

खोटं कशाला बोलू, शहर निवडताना दादा माझ्याही डोक्यात होताच. पण लाखो माणसांच्या गर्दीत तो काही मला बसथांब्यावर उभा सापडणार नव्हता. मी फिरायला चालले होते. बाबांनी मात्र पाचही कार्डं खिडकीत ओळीने मांडली.

"इकडे ये. हा शिक्का बघ. हा बघ. पाचही एकाच पोस्टाचे. शहरात साठ पोस्टं असतील, पण हा दरवर्षी याच पोस्टातून टाकतो. आणि तारखा बघ. पाचही एकाच आठवड्यातल्या. तू रजा त्या आठवड्यात घे आणि मुक्काम त्या पोस्टाजवळ कर."

"मी नदीकाठी राहीन आणि तिथे एक चक्कर मारून येईन ना, बाबा."

"चक्कर मारून माणूस सापडत नसतो. वस्तीत राहावं लागतं, रोज दिसावं लागतं. मला शिकवू नकोस."

"पण ही माझी रजा आहे!"

"रजा तुझीच आहे. भाऊ कुणाचा आहे?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई ऐकत होती. मी नदीकाठच्या वस्तीवर पाणी सोडलं.

पाण्याच्या टाकीमागे पाहुण्यांना राहायला जागा एकच, एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर. खोलीवाल्या काकांनी रजिस्टरात नाव लिहिता लिहिता विचारलं, "कुणाकडे आलात?"

"कुणाकडे नाही. फिरायला."

"इथे?" म्हणाले ते.

त्या एका शब्दात माझ्या सहलीचा निकाल लागला. खोलीत एक पलंग, तो एका बाजूने खचलेला, त्यामुळे रात्रभर मी भिंतीकडे घसरत होते. एवढी मोठी टाकी डोक्यावर असून नळाला धार करंगळीएवढी. आणि खिडकीखाली ते मैदान. तिथे सकाळी साडेसहापासून नवशिके लोक गाडी उलटी घ्यायला शिकत. पिप् पिप् पिप्, मग धप्पकन प्लास्टिकचा शंकू आडवा, मग मास्तरांची आरोळी: "ब्रेक! अहो ब्रेक! तो ब्रेक नाही, तो माझा पाय आहे!" पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मी उशी कानावर घेतली. तिसऱ्या दिवशी त्या मास्तरांना खिडकीतून काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

पण ते सोसलं असतं. सोसवत नव्हते ते बाबांचे फोन. पहिला फोन सकाळी साडेनऊला.

"उठलीस ना? पेटी दहाला उघडतात आणि चारला उघडतात. तुझा दादा नोकरीवाला माणूस, म्हणजे तो एकतर दहाच्या आधी टाकणार नाहीतर दुपारच्या सुट्टीत. दोन्ही वेळा पोस्टासमोर हवीस तू."

"बाबा, मी सहलीला आलेय. पहाऱ्याला नाही."

"पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मग फीर की हवी तेवढी."

पाच-सहा दिवस! दहातले सहा गेले की उरतात किती, हा हिशेब त्यांच्या गावीही नव्हता. तरी मी गेले. का गेले, ते सांगते. दादा गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गणितात नापास झाले की बाबांच्या आणि माझ्या मध्ये तो उभा राहायचा. माझ्या सायकलची साखळी तो बसवायचा. त्याच्यानंतर आमच्या घरात जेवताना कुणी मोठ्याने हसलेलं मला आठवत नाही. मला माझा भाऊ हवा होता. चिडचिड होत होती ती वेगळी.

पोस्टातल्या काउंटरवरच्या बाईंना मी फोनमधला दादाचा जुना फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई गं, मी हात बघते, तोंडं नाही. तोंडं बघत बसले तर शिक्के कोण मारणार?" टायरवाल्यांना विचारलं. एक म्हणाला असा माणूस बघितलाय, दुसरा म्हणाला तो वेगळा, आणि दोघांचं आपसातच जुंपलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला आधी केसपेपर काढायला लावला आणि मग माहीत नाही म्हणून सांगितलं.

म्हणून मग मी दवाखान्याच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसायला लागले. समोर पोस्ट, पोस्टाबाहेर पेटी. येणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाच्या चालीकडे बघत होते. दादा डावा खांदा थोडा पाडून चालतो. त्या वस्तीत जणू सगळ्यांचे खांदे सरळ होते. मंगळवारी एका आजींनी मला तिथूनही हुसकलं. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज असा की शाळेच्या भिंतीपलीकडच्या पोरांनी कान टवकारावेत.

"ए मुली, ही पेशंटांची जागा आहे. तुला काय झालंय?"

"काही नाही."

"मग ऊठ. काही न झालेल्यांनी उभं राहावं."

मी उठले. आजी रस्ता ओलांडून पेटीपाशी गेल्या आणि तिथून पुन्हा ओरडल्या, "आता उभीच आहेस तर हे झाकण वर धर जरा. गंजलंय मेलं." मी जाऊन झाकण धरलं. त्यांनी पिशवीतून दोन-तीन पत्रं काढून आत टाकली, आभार वगैरे न मानता काठी टेकत निघून गेल्या. परत येऊन बघते तर कट्ट्यावर एक खोकणारे गृहस्थ पसरलेले. त्या दिवशी मी चार वाजेपर्यंत उन्हात उभी होते.

चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. सकाळची वेळ संपल्यावर मी दोन बस बदलून नदीकाठी गेले. अगदी माझ्या पानांत लिहिलं होतं तसंच सगळं होतं. रंगवलेली घरं, गच्च्या, पाठीवर पिशव्या टाकून फिरणारी मुलं-मुली, कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं. एका गच्चीवर खुर्ची मिळाली. मी पाय लांब केले. समोर नदी. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मुलीने विचारलं, कुठे उतरलीस? मी सांगितलं. तिने नकाशा उघडून बघितला आणि विचारलं, "तिथे काय आहे?" तेवढ्यात फोन वाजला.

"चार वाजत आले. पेटीपाशी आहेस ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. मला ते कधीच जमत नाही, आणि बाबांना फोनमधून पाण्याचा आवाजसुद्धा ऐकू जातो असं मला लहानपणापासून वाटत आलंय. मी उठले. पोहोचेपर्यंत पेटी उघडून, रिकामी होऊन, बंदसुद्धा झाली होती. त्या संध्याकाळी खोलीत येऊन मी ती तेरा पानं बॅगेतून काढली, एकदा वाचली आणि पलंगाच्या खचलेल्या बाजूखाली घातली. पलंग थोडा सरळ झाला. सहलीत त्यांचा झालेला उपयोग एवढाच.

पाचवा दिवसही तसाच. सहाव्या दिवशी दुपारी मी खोलीवरून बाबांना स्वतःहून फोन केला. आईचा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे दादाचं यंदाचं कार्ड एव्हाना निघालं असणार. आणि मी मात्र हात हलवत उभी.

"बाबा, तो इथे राहत नाही. आता पुरे."

"राहतो."

"सहा दिवस मी त्या पेटीसमोर भुतासारखी उभी आहे. मला इथले कुत्रे ओळखायला लागलेत. तो नाहीये इथे!"

"तू नीट बघत नाहीस, ठमे. तुझं लक्ष सगळं नदीकडे. वस्ती म्हणजे काय फक्त पोस्ट असतं का? आत शिरायला नको? नऊ नंबरच्या गल्लीत गेली होतीस?"

"कुठल्या?"

"नऊ नंबरच्या."

मी जिथे होते तिथेच थांबले. खाली मैदानात गाडी उलटी येत होती, पिप् पिप् पिप्.

"बाबा," मी म्हटलं, "शिक्क्यावर पोस्टाचं नाव असतं आणि तारीख असते. गल्ली नसते."

फोन कट झाला असं वाटून मी बघितलं, तर चालू होता.

"बाबा?"

"घर चोवीस," ते म्हणाले. "मागचा जिना." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. गल्ली माहीत! घर माहीत! जिना पुढचा की मागचा तेसुद्धा माहीत! आणि मला सहा दिवस उन्हात, दवाखान्याच्या दारात, लोकांच्या खांद्यांकडे बघत उभं केलं. चप्पल पायात सरकवली आणि धावत सुटले. नऊ नंबरची गल्ली माझ्या खोलीपासून सात मिनिटांवर होती.

चोवीस नंबरचं घर दुमजली, साधं. फाटकाजवळ चार पत्रपेट्या. तिसऱ्या पेटीवर आमचं आडनाव. ते दादाच्या अक्षरात होतं, शेवटच्या अक्षराची वेलांटी उगाच लांब ओढलेली. मी पेटीला हात लावला. मग मागच्या जिन्याने दोन दोन पायऱ्या चढत वर गेले आणि दार वाजवलं. दादाला आधी मिठी मारायची की आधी फटका द्यायचा, ते ठरत नव्हतं.

दार उघडलं ते काठी घेतलेल्या त्या आजींनी.

"तू? कट्ट्यावरची?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. "खाली पेटीवर आमचं आडनाव आहे."

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लिफ्टवाल्याची बहीण? ठमी?"

माझा बांध तिथेच फुटला. त्यांनी मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. त्या घराच्या मालकीण. दादा त्यांच्याकडे दोन वर्षं भाड्याने राहिला होता.

"आता तो इथे नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवला, त्याला चार वर्षं झाली. सकाळच्या गाडीने सहा तास. चांगला आहे. वजन वाढलंय."

"पण कार्डं तर इथून येतात. शिक्का इथला असतो!"

"मी टाकते ना. दरवर्षी कार्ड लिहितो, पाकिटात घालून मला पाठवतो, आणि मी ते पेटीत टाकते. यंदाचं मंगळवारी टाकलं." त्या थांबल्या. "झाकण कुणी धरलं होतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की ओरडावं कळेना.

"पण हे कशासाठी? त्याला तिकडूनच टाकता येत नाही?"

आजी उठल्या. आतल्या कपाटातून एक पाकीट घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पाकीट जुनं, कडेने पिवळं पडलेलं. वर आमच्या घरचा पत्ता, बाबांचं नाव. मागे दादाचा पत्ता: गल्ली नऊ, घर चोवीस, मागचा जिना. आणि पुढच्या बाजूला, आमच्या पत्त्यावर तिरकं, लाल शाईत: "घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत." खाली सही आणि तारीख. दादा गेला त्याच वर्षीची.

ते अक्षर मला कुणी सांगायला नको. माझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर नाव त्याच अक्षरात आहे. आमची आळी बाबांच्याच वाट्याला होती. म्हणजे हे पत्र त्यांच्याच पिशवीतून आलं, आणि ते त्यांच्याच नावाचं होतं. पोस्टमनही तेच आणि घेणारेही तेच. त्यांनी स्वतःच स्वतःला नकार लिहून दिला आणि पत्र परत पाठवलं. पाकीट उघडलेलंच नव्हतं. चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी.

"हे परत आलं त्या दिवशी तो जिन्यावर बसून होता," आजी म्हणाल्या. "मला म्हणाला, अक्षर बाबांचंच आहे. मी म्हटलं, मग आता लिहू नकोस. इतक्या रागीट माणसाला कशाला लिहायचं? तर म्हणाला, लिहीन, पण आता कार्ड लिहीन आणि पत्ता घालणार नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसला, की परत पाठवता येत नाही. ते घ्यावंच लागतं."

पत्तासुद्धा कळवत नाही, एवढा माज. सहा वर्षं आमच्या जेवणाच्या वेळी हे वाक्य बोललं गेलं, आईच्या तोंडासमोर, आणि मी मान डोलावली. मला इतकी शरम वाटली की आजींकडे बघवेना.

"आणि शिक्का इथलाच का?"

"बाबांना माझा हाच पत्ता माहीत आहे, म्हणाला. शिक्का बदलला तर त्यांना वाटेल मी इथून गेलो, मग लिहावंसं वाटलं तरी ते लिहिणार नाहीत. म्हणून पेटीवर नावही राहू द्या, म्हणाला. पाकीटही सोबत नेईना. तुमच्याकडेच ठेवा, म्हणाला." आजींनी काठी जमिनीवर आपटली. "खालचे भाडेकरू माझ्या नावाने बोटं मोडतात, एक पेटी अडवून ठेवली म्हणून. चार वर्षं मी रोज ती पेटी उघडतेय. तुझ्या बापाला एक ओळ लिहायला होत नाही?"

त्यांनी दादाचा आत्ताचा पत्ता आणि फोन नंबर मला लिहून दिला. सकाळच्या गाडीची वेळही सांगितली. माझे अजून चार दिवस होते. जायचं हे तर ठरलंच. दादाला फोन लावायला बोट शिवशिवत होतं, पण त्याआधी एक काम उरलं होतं. मी जिन्यावर येऊन बसले आणि बाबांना फोन लावला. आता तो चालू होता. पहिल्याच रिंगला उचलला.

"भेटला?"

"नाही. पाकीट भेटलं."

आमच्या घरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"रागात होतो," ते शेवटी म्हणाले. "दारात उभं राहून लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम."

"आणि मग सहा वर्षं?"

"लिहायला बसायचो गं. पत्ता तर पाठच होता. पाकिटावर पत्ता घालायचो, आणि मग वाटायचं, तोही असंच करेल. माझाच मुलगा आहे. लाल शाईत लिहून परत पाठवेल." त्यांनी श्वास घेतला. "परत आलेली पत्रं मी लोकांच्या हातात दिलीत, ठमे. आपलंच पत्र आपल्याच हातात. ती तोंडं मी बघितलीत. मला ते घेववलं नसतं. म्हणून तुला पाठवलं."

मी शब्द जमवून ठेवले होते. सहा दिवस, माझी रजा, आईचे गुडघे, आईची सहा वर्षं, सगळं ऐकवणार होते. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण चौतीस वर्षं लोकांची दारं वाजवणारा माणूस एका दाराला एवढा घाबरला होता, आणि हे मला माहीत नव्हतं.

"आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"आज सांगा. मी फोन करून विचारणार आहे तिला."

"सांगतो." मग जरा घाईने, "त्याचा आत्ताचा पत्ता मिळाला का? थांब, पेन घेतो. हां, सांग."

कागद माझ्या हातात होता. वाचून दाखवायचाच काय तो अवकाश. पायऱ्यांखाली आजी काठी टेकत फाटकापाशी गेल्या होत्या. त्यांनी तिसरी पेटी उघडली, आत हात घालून बघितलं आणि बंद केली.

"पत्ता तुमच्याकडे आहे, बाबा," मी म्हटलं. "गल्ली नऊ, घर चोवीस, मागचा जिना. तो अजून त्याच पत्त्यावर तुमच्या पत्राची वाट बघतोय."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि परत आलं तर?"

"आलं तर घ्यायचं, बाबा."